उसना वंश आणि त्याची किंमत

अभिनेत्री मर्ल ओबेरॉनचा जन्म १९११ सालचा, मुंबईतला. हॉलीवूडला मात्र तिने सांगितले की आपण टास्मानियाच्या, गोऱ्या आईबापांच्या पोटच्या. ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचे नामांकन मिळाले तेव्हाही हीच कहाणी चालू होती. जिने तिला लहानाचे मोठे केले, जिला ती आई मानत आली, ती सावळी शार्लट चारचौघांत घरची मोलकरीण म्हणून वावरे. १९३७ मध्ये शार्लट गेली. पुढे मर्लने तिचे चित्र करवून घेतले आणि चित्रकाराकडून कातडीचा रंग उजळ करून घेतला. आई मेल्यावरही तिला गोरी केल्याशिवाय भिंतीवर टांगता आले नाही.

हे खोटेच होते. पण ती वेळ का आली, तेही बघू. भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ सालीच दिला होता. गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला हॉलीवूडच्या आचारसंहितेत बंदी होती. खरे सांगून नायिका होणे शक्यच नव्हते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ सालचे, आणि भाड्याची खोली बघताना आडनाव गिळणारी माणसे आजही आपल्या शहरांत आहेत. त्यांना लबाड ठरवायला पंच बसणार असतील, तर त्यांत मी नसेन.

रेचल डोलेझाल उलट्या वाटेने गेली. मोंटानातल्या गोऱ्या जोडप्याची ही मुलगी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात कृष्णवर्णीय म्हणून राहत होती आणि ‘एनएएसीपी’च्या तिथल्या शाखेची अध्यक्ष होती. जून २०१५ मध्ये एका वार्ताहराने कॅमेऱ्यासमोर सरळ विचारले, तुम्ही आफ्रिकन-अमेरिकन आहात का? प्रश्नच कळला नाही, असे म्हणून बाई चालत्या झाल्या.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ‘एनएएसीपी’ ही संघटना १९०९ मध्ये उभी राहिली, तेव्हा संस्थापकांत मेरी व्हाइट ओव्हिंग्टन होत्या, पहिले अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी होते, आणि दोघेही गोरे. गोऱ्या कातडीने काम करायला तिथे कोणाची ना नव्हती. उलट निळ्या डोळ्यांचे, गोरे दिसणारे कृष्णवर्णीय वॉल्टर व्हाइट याच संघटनेसाठी गोरे बनून दक्षिणेत जात आणि झुंडींनी केलेल्या हत्यांची माहिती काढून आणत. पकडले गेले असते तर जीव गेला असता. त्या सोंगाला मी नमस्कार करतो. डोलेझालला काम करायला मिळत होतेच. तिला हवा होता भोगलेल्या दुःखाचा मान, आणि तो न भोगता हवा होता. याच बाईने २००२ मध्ये, कृष्णवर्णीयांचे म्हणून नावाजलेल्या हॉवर्ड विद्यापीठावर, आपण गोऱ्या असल्यामुळे भेदभाव झाला असा दावा लावला होता. तो फेटाळला गेला. म्हणजे गोरेपणाही तिच्या कपाटात होता, लागेल तेव्हा काढायला. इतिहासाच्या प्राध्यापक जेसिका क्रुग यांनी सप्टेंबर २०२० मध्ये आपणही गोऱ्या असून कृष्णवर्णीय म्हणून वावरल्याची कबुली दिली आणि नोकरी सोडली.

वंश ही जीवशास्त्राने नाकारलेली, माणसांनीच रचलेली गोष्ट आहे, मग ती बदलायला हरकत का? लिंगभावाबद्दल माणसाचे स्वतःचे म्हणणे मानता, तर इथे का नाही? रिबेका ट्यूवेल या तत्त्वज्ञ अभ्यासिकेने २०१७ मध्ये हा प्रश्न मांडला आणि मोठे वादळ उठले. प्रश्न टाकाऊ नाही. मला उत्तर दिसते ते असे: बाई किंवा पुरुष असणे आजोबांकडून वारशाने येत नाही, वंश येतो. आजोबांना घर घ्यायला कर्ज मिळाले का, आजीला कोणत्या शाळेत बसू दिले, यावर नातवाची आजची स्थिती ठरते. ते सगळे मनाने मानून मागाहून मिळवता येत नाही.

आपल्याकडे हा हिशेब थेट नोकरीच्या जागेत मोजता येतो. खोट्या जातप्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत सांगितले. (स्वतःला आदिवासी म्हणवणाऱ्या विदर्भातल्या हलबा-कोष्टींचे गाऱ्हाणे याहून गुंतागुंतीचे आहे, त्यांना सरसकट लबाड म्हणणे मला पटत नाही.) निकालानंतर राज्य सरकारने जमातीचा दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजुरीपेक्षा जादा, पदांवर सामावून घेतले. मूळ जागा खऱ्या आदिवासी उमेदवारांतून ताबडतोब भरा, ही मागणी आदिवासी संघटना सतत करत आल्या आहेत. सोंग घेणाऱ्याच्या मनात काय होते यावर चर्चा करायला आपल्याला आवडते. सरकारने आधी त्या जागा भराव्यात.