विहिरीवरची मोटर

गेल्या शुक्रवारी धाहरानला भावाचा फोन आला. गावी विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती आणि चोर सापडलाही होता: आमच्याच वाटेकऱ्याचा एकोणीस वर्षांचा पोरगा. "पोलिसांत देऊ की तंटामुक्तीत मिटवू? शेत तुझ्या नावावर आहे, तूच सांग."

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. तिथलं स्वतंत्रपूर बऱ्याच जणांना 'दो आँखें बारह हाथ'मुळे माहीत असेल. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बायकामुलं सोबत, कसायला जमीन. माणसावर विश्वास टाकला की तो पळत नाही, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. मोटर दुसऱ्याची गेलेली असली की हे सांगायला सोपं जातं.

पोलिसांत द्यावं, तर २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच न झालेले. हा त्यांत एक वाढेल. मग तंटामुक्ती? आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये सुरू झालेली ती मोहीम मला आवडायची. पण आमच्या समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ. पोराचा बाप आमचंच शेत करतो. समिती सांगेल त्याला तो मान डोलावणार, आणि त्यालाच आम्ही 'समोपचार' म्हणणार.

इथे सौदीत खून झाला तर मारलेल्याच्या वारसांना माफ करण्याचा किंवा दिया, म्हणजे भरपाई, घेण्याचा अधिकार असतो. पैसेवाला सुटतो, म्हणून मी त्यावर नाक मुरडत असे. पण ज्याचं नुकसान झालं त्याला विचारतात तरी. इथे मात्र नुकसान माझं, जमीन माझी आणि न्यायाधीशाचा भाऊही मीच.

भावाला म्हटलं, सोडून देऊ. तो भडकला. "तू तिकडे एसीत बसून माफ करतोस. डाळिंबाला पाणी कुठून देऊ? रात्री राखणीला कोण जाणार?" खरंच होतं. माझ्या उदारपणाची किंमत तो मोजत होता.

नव्या मोटरचे पैसे पाठवले. पोराचं काय ते ठरलेलं नाही. येत्या शुक्रवारी त्यालाच फोनवर आण, असं भावाला सांगितलंय. बापाला नको, समितीला नको. त्याने मोटर कितीला विकली आणि कशासाठी, हे आम्ही कुणी अजून विचारलेलंच नाही.