लहान जखम, मोठे दान

दान कशाला म्हणावे? ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती, आणि तरीही ज्याने दिले, त्याच्या देण्याला. एका शल्यविशारदाच्या कारकिर्दीविषयी वाचताना हा जुनाच विचार पुन्हा मनात आला.

डॉ. डीटर ब्रोअरिंग मूळचे जर्मनीचे. तिथे यकृत-प्रत्यारोपणात नाव मिळवून ते रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलमध्ये आले. जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग काढून रुग्णाला बसवायचा, हे त्यांचे काम. उरलेले यकृत पुन्हा वाढते, ही कुदरतची किमया. पण त्यासाठी दात्याचे पोट मोठी चीर देऊन उघडावे लागे. 2018 पासून त्यांच्या चमूने दात्यावरची ही शस्त्रक्रिया रोबोच्या साहाय्याने सुरू केली. 2023 मध्ये रुग्णाच्या शरीरात यकृत बसवण्याचे कामही तसेच केले.

रोबो स्वतःहून काही करत नाही. सर्जन काही फुटांवर बसून, मोठे दिसणारे चित्र पाहत बोटे हलवतो. लहान छिद्रांतून आत गेलेली हत्यारे तशीच हलतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते. जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.

इतर शस्त्रक्रियांत आजाऱ्याला त्याच्याच भल्यासाठी कापतात. इथे धडधाकट माणसाला दुसऱ्यासाठी कापावे लागते. 1954 मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली, तेव्हापासून हा पेच वैद्यकाच्या मानेवर बसला आहे. म्हणून यंत्राचा पहिला लाभ दात्याला मिळावा, हे योग्यच.

आपल्यात हा पेच आणखी एका बाजूने येतो. शरीर ही अल्लाहची अमानत, मग माणूस ते देणार कसे? काही उलेमांनी म्हणूनच नकार दिला. पण 1982 मध्ये सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने आणि 1988 मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने अटींसह परवानगी दिली. ज्यावर जीव अवलंबून आहे तो अवयव जिवंत माणसाकडून घेऊ नये, अवयवाचा सौदा करू नये, असे अकादमीने बजावले.

बाजारातला सौदा ओळखता येतो. घरातला दबाव कसा ओळखायचा? भारतात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रियाच असतात. कुणाची बायको, कुणाची अम्मी, कुणाची बहीण. तिला सांगितले जाते, "आता रोबो आहे. चार भोकं पाडतात, आठवड्यात घरी." पूर्वी निदान मोठ्या जखमेची भीती तरी तिला बोलून दाखवता येत होती. आता ते निमित्तही गेले. जखम लहान झाली तसा नकार अवघड झाला. धोका कमी झाला, पण संपला नाही. आणि तो तिच्या एकटीच्या वाट्याचा आहे.

आपला 1994 चा कायदा डॉक्टरने दात्याला सगळे धोके समजावून सांगावेत असे म्हणतो. पण समजावणे वेगळे आणि विचारणे वेगळे. जगात अनेक ठिकाणी दात्याला एकटे बसवून विचारतात. तिचे मन नसेल, तर घरच्यांना एवढेच सांगतात की ती दाता म्हणून योग्य ठरली नाही. हे खोटे की रहम? मला ते पूर्ण खोटे वाटत नाही. ज्याचे मन तयार नाही, तो दाता म्हणून योग्य नाहीच.

हाताचा कंप यंत्र काढून टाकील. तिच्या आवाजातला कंप समोर बसलेल्या माणसालाच ऐकावा लागेल. डॉक्टरांच्या आधी ते काम आपले, घरच्यांचे. मागण्यापूर्वी तिला एवढे सांगावे, "तू नाही म्हणालीस तरी या घरात तुझी इज्जत तीच राहील." आणि मग तो शब्द पाळावा.