शत्रूशी बोललेलं खोटं

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखोंनी पंचशील स्वीकारलं. खोटं न बोलणं हे त्यातलं चौथं शील. त्याला युद्धाचा किंवा कैदेचा अपवाद जोडलेला नाही. मग शत्रूच्या तावडीतून निसटताना सैनिक खोटं बोलला, तर त्याच्या पदरी दोष येतो का?

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांच्या आयुष्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा ठाकला. 1965 च्या युद्धात जखमी झालेले असतानाही त्यांनी आपलं हंटर विमान तळावर परत आणलं होतं. 10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई-7 पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले.

तिथे त्यांच्या मनाने पळून जाण्याचा एकच ध्यास घेतला. कैद्यांनी शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. वैमानिकाच्या जी-सूटमधल्या हवेच्या पिशव्यांत पाणी भरून नेता येईल, अशी सोय केली. कोठडीच्या भिंतीला हळूहळू भगदाड पडलं आणि 13 ऑगस्ट 1972 च्या पहाटेआधी पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून खैबरच्या दिशेने. अफगाण सीमा काही मैलांवर राहिली असताना त्यांनी लंडी खाना स्टेशनची वाट विचारली. ते स्टेशन 1932 मध्येच बंद झालं होतं! संशय आला, तिघे लंडी कोतलला पकडले गेले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, असं सांगत तिघांनी ख्रिश्चन आणि मुस्लिम नावं घेतली.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त सत्याच्या अशाच पेचांचा ऊहापोह केला आहे. कर्णपर्वातला कौशिक सत्यव्रती होता. लपलेल्या वाटसरूंचा ठावठिकाणा त्याने दरोडेखोरांना खराखुरा सांगितला, वाटसरू मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. उलट अश्वत्थाम्याबद्दलच्या अर्धसत्यामुळे युधिष्ठिराचा चार बोटं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. एक खरं बोलून बुडाला, दुसरा खोट्याने खाली आला.

या दोन कथांत विसंगती नाही. बोलण्याने कुणाचा जीव गेला आणि कुणाच्या विश्वासाचा घात झाला, हे दोन्हीकडे पाहिलं आहे. युधिष्ठिर खोटं बोलणार नाही, या भरवशावर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं. पारुळकरांच्या खोट्या नावाने कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. 1949 चा जीनिव्हा करारही हाच निकष लावतो. पळून जाण्यासाठी कैद्याने साधे कपडे घातले, बनावट कागद वापरले आणि कुणाच्या जिवावर हात टाकला नाही, तर त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते. ती 30 दिवसांहून अधिक नाही. मात्र पळणार नाही असा शब्द देऊन सुटका घेतलेल्या कैद्याला तो शब्द पाळावाच लागतो.

तरीही खोटं ते खोटंच. बुद्धाच्या शिकवणीत कर्माचं वजन हेतूवर ठरतं, म्हणून इथे दोष हलका होतो, पुसला जात नाही. तो पत्करून पुढचं भोगायची तयारी पारुळकरांची होती. तिघांना एकांतवास झाला. मागे राहिलेल्या सोबत्यांनाही रावळपिंडीहून लायलपूरच्या तुरुंगात हलवलं गेलं. पळण्याची किंमत त्यांनीही मोजली, याचा हिशेब मांडल्याशिवाय या धाडसाचं मोल करणं अपुरं आहे.

त्याआधी, पकडले गेल्यावर लंडी कोतलच्या कचेरीत तिघांच्या जिवावर बेतलं, तेव्हा पारुळकरांनी एका अधिकाऱ्याला फोन लावायला सांगितलं. हे उस्मान हमीद त्यांच्या छावणीचे पूर्वीचे प्रमुख, कैद्यांशी माणुसकीने वागणारे. ही आमचीच माणसं आहेत, त्यांना सांभाळून ठेवा, अशा आशयाचं हमीद बोलले आणि तिघे वाचले. खोट्या नावाने तिथवर पोचलेल्या पारुळकरांनी शेवटी आपला जीव एका शत्रूच्या सचोटीवर सोपवला होता, आणि ती सचोटी त्यांनी कैदेतच पारखून घेतली होती.