दव आणि दीर्घायुष्य : जपानी अलंकरणातील अनित्यतेचा प्रश्न

जपानी अलंकरणकलेचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत आकृतिबंधांचा एक कोशच दिलेला असतो : क्रौंच पक्षी म्हणजे हजार वर्षांचे आयुष्य, कासव म्हणजे दहा हजार वर्षांचे, देवदार जातीचा सदाहरित वृक्ष म्हणजे स्थैर्य, चेरीचा फुलोरा म्हणजे क्षणभंगुरता आणि शरदातील गवतावरचे दव म्हणजे मानवी जीवनाची नश्वरता. हा कोश चुकीचा नाही. पण प्रत्यक्ष वस्तूंकडे वळताच तो अपुरा पडतो, कारण एकाच लाखकामाच्या पेटीवर किंवा एकाच रेशमी वस्त्रावर शतायुषी होण्याची इच्छा आणि सारे काही विरून जाणार असल्याची जाणीव शेजारीशेजारी नांदताना दिसतात. सर्व संस्कार अनित्य आहेत हे बुद्धवचन ज्या समाजाने दीड हजार वर्षे ऐकले, त्याने दीर्घायुष्याची चिन्हे इतक्या हौसेने का रंगवली, आणि ती मनापासून रंगवली असतील तर त्यांच्याजवळ गळणाऱ्या पाकळ्या का पसरल्या, हा केवळ कलेतिहासाचा नव्हे, तर धर्मविचाराचाही प्रश्न आहे. जपानी मन मुळातच विसंगतीशी जुळवून घेणारे आहे, असे म्हणून तो अनेकदा टाळला जातो. ते उत्तर सोयीचे आहे, एवढेच.

या चिन्हांचे दोन उगम प्रथम वेगळे करायला हवेत. मंगलचिन्हांचा मोठा भाग चीनमधून आला, पण येताना त्याचा अर्थ जसाच्या तसा राहिला नाही. चिनी पंडित-चित्रकारांनी देवदार, बांबू आणि आलुबुखाऱ्याच्या जातीचे ‘उमे’ हे फुलझाड यांना हिवाळ्याचे तीन मित्र मानले होते. थंडीत न कोमेजणारी ही झाडे प्रतिकूल काळातही तत्त्व न सोडणाऱ्या विद्वानाची प्रतीके होती. जपानमध्ये हीच त्रयी ‘शोचिकुबाइ’ या नावाने विवाहाच्या आणि नववर्षाच्या वस्तूंवर आली, नैतिक कणखरपणाची जागा शुभेच्छेने घेतली, आणि आज तर जेवणाच्या थाळ्यांची उच्च, मध्यम व साधी प्रत दर्शवण्यासाठीही याच तीन झाडांची नावे वापरली जातात. अनित्यतेची चिन्हे मात्र प्रामुख्याने बौद्ध धर्माबरोबर रुजली. ‘मुजो’ म्हणजे अनित्यता ही कल्पना मध्ययुगीन जपानी साहित्यात इतकी खोलवर मुरली, की ‘हेइके मोनोगातारी’ या ताइरा घराण्याच्या पतनाच्या महाकथेचा आरंभच श्रावस्तीच्या जेतवन विहारातील घंटेच्या आणि शालवृक्षाच्या फुलांच्या उल्लेखाने होतो. ती कथा वीणेसारख्या वाद्यावर गाणाऱ्या अंध गायकांना आणि त्यांच्या श्रोत्यांना श्रावस्ती कधी दिसली नव्हती, शालवृक्षही बहुधा दिसला नव्हता, तरी वैभवाच्या अस्ताचे चिन्ह म्हणून तो त्यांना पुरेसा होता.

दोन उगम, दोन अर्थ, म्हणून दोन वेगळे चिन्हसमूह, अशी मांडणी येथे करता आली असती, तर प्रश्न सुटला असता. परंतु दवाचा आकृतिबंध ही मांडणी टिकू देत नाही. शरदातील ‘सुसुकि’ नावाच्या उंच, तुरेदार गवताच्या पात्यावरचा थेंब उन्हाबरोबर नाहीसा होतो, म्हणून तो नश्वरतेचे चिन्ह. हा अर्थ कवितेत, पडद्यांवर, लाखेच्या भांड्यांवर सर्वत्र आढळतो. त्याच शरदातील शेवंतीच्या फुलावरचे दव मात्र वार्धक्य दूर ठेवणारे मानले जाई. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी येणाऱ्या शेवंतीच्या सणाच्या आदल्या रात्री फुलांवर कापूस पसरून ठेवायचा, दवाने आणि सुगंधाने भिजलेल्या त्या कापसाने सकाळी अंग पुसायचे, ही ‘किसेवाता’ नावाची चाल हेइआन दरबारात रूढ होती आणि ‘गेन्जी मोनोगातारी’ची लेखिका मुरासाकी शिकिबू हिच्या दैनंदिनीत 1008 सालच्या नोंदीत असा कापूस भेट मिळाल्याचा उल्लेख आहे. नोह नाट्यातील ‘किकुजिदो’ या शेवंती-बालकाच्या कथेत तर हा विश्वास थेट बौद्ध ग्रंथाशी जोडला गेला आहे : राजाच्या उशीला ओलांडण्याच्या अपराधासाठी अरण्यात हद्दपार झालेला एक सेवक-बालक सद्धर्मपुंडरीक सूत्रातील वचने शेवंतीच्या पानांवर लिहितो, त्या पानांवरून ओघळलेले दव प्राशन करतो आणि सातशे वर्षे बालकच राहतो. शेवंती आणि वाहते पाणी एकत्र दाखवणारी नक्षी या समजुतीचीच आठवण करून देते.

एकच थेंब एका पात्यावर मृत्यूची आणि दुसऱ्या पानावर अमरत्वाची खूण ठरतो, तेव्हा अर्थ थेंबात नाही हे उघड आहे. पुंडरीक सूत्राची वचने अनित्यता सांगणाऱ्या धर्माची, आणि त्यांनी भिजलेले दव अनित्यतेवरचा उतारा. ही गोष्ट रचणाऱ्यांना यात काही अवघड वाटले नसावे. भारतीय वाचकालाही यात फार परके काही जाणवू नये, कारण कमलपत्रावरील जलबिंदू हा एकीकडे चंचल आयुष्याचा आणि दुसरीकडे भगवद्गीतेतील अलिप्त कर्मयोग्याचा दृष्टान्त म्हणून आपल्याकडेही दुहेरी वापरला गेला आहे.

या दुहेरीपणाचे सर्वांत गंभीर उदाहरण क्योतोतील कोदाइ-जी या मंदिरात आहे. शेतकरी सैनिकाच्या घरात जन्मून साऱ्या जपानचा सत्ताधीश झालेला तोयोतोमी हिदेयोशी 1598 साली मरण पावला आणि त्याची पत्नी नेने, जी पुढे संन्यासिनी झाली, तिने त्याच्या स्मरणार्थ 1606 साली हे मंदिर उभारले. तेथील स्मृतिमंदिराचा अंतर्भाग ‘माकि-ए’ने सजवला आहे, उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे काळे लेपन ओले असताना त्यावर सोन्याची भुकटी शिंपडून चित्र काढण्याची ही पद्धत आहे. कोदाइ-जीच्या कारागिरांनी उठावाचे जड काम टाळून सपाट लेपनावर भुकटी शिंपडली, तिच्या दाट-विरळ पोतातून पाने वेगळी दाखवली आणि पानांच्या शिरा सुईने कोरून काढल्या. ही पद्धत जलद, मोकळी आणि मोठ्या पृष्ठभागाला साजेशी होती, म्हणूनच ही शैली पुढे मंदिराच्याच नावाने ओळखली गेली. हिदेयोशीच्या बाजूच्या देव्हाऱ्याच्या दारांवर सुसुकि गवत आणि पाउलोनिया वृक्षाचे मानचिन्ह आहे, तर नेनेच्या बाजूला देवदार आणि बांबू आहेत. पायऱ्यांवर तराफ्यांसह वाहत जाणारी फुले आहेत. पाउलोनियाच्या झाडावरच फिनिक्ससारखा दिव्य पक्षी उतरतो, तोही न्यायी राजाच्या काळातच, अशी चिनी समजूत होती. सम्राटाच्या घराण्याचे हे चिन्ह वापरण्याचा मान हिदेयोशीला दरबाराकडून मिळाला होता आणि त्याने तो आपल्या वाड्यांवर मुबलक मिरवला. मृत्यूसमयीची म्हणून प्रसिद्ध असलेली त्याची कविता स्वतःला दवाची आणि ओसाकाच्या वैभवाला स्वप्नातल्या स्वप्नाची उपमा देते. म्हणजे राजसत्तेचे चिन्ह आणि विरून जाणारे गवत यांचा संयोग येथे अपघाताने झालेला नाही, आणि तरीही ही दारे वैराग्याचा उपदेश करीत नाहीत. सोने इतके आहे, की तसा उपदेश त्यांच्याकडून कोणी ऐकून घेणार नाही. ती एका विशिष्ट पुरुषाच्या जीवनाला साजेसे असे काहीतरी सांगतात : त्याच्याकडे सत्ता होती, आणि ती गेली.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने या संयोगाचे एक समर्थन देता येते, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. झेन आचार्य दोगेन (1200–1253) यांनी ‘शोबोगेन्झो’ या ग्रंथातील बुद्धस्वभावावरील प्रकरणात अनित्यता हाच बुद्धस्वभाव आहे, ही चिनी आचार्य हुइनेंग यांची भूमिका पुढे नेली; नश्वर जगाच्या पलीकडे एखादे नित्य तत्त्व दडलेले नसून गवत, झाडे, मन आणि शरीर ज्या प्रकारे अनित्य आहेत तो प्रकार म्हणजेच बोध, असा त्यांचा आशय आहे. त्याआधीपासून तेंदाइ पंथात ‘सोमोकु जोबुत्सु’, म्हणजे तृण-वृक्षांनाही बुद्धत्व प्राप्त होते, या सिद्धान्तावर वाद-प्रतिवाद चालू होते. या विचाराने पाहिल्यास गवताचे पाते हे अनित्यतेचे चिन्ह राहत नाही. ते स्वतःच अनित्य आहे आणि स्वतःच पूर्ण आहे, त्यामुळे चिरंतन आणि क्षणिक असे दोन पक्ष भांडायला उरत नाहीत. युक्तिवाद सुंदर आहे. परंतु लाखकाम करणाऱ्या कारागिरांच्या घराण्यांनी किंवा किमोनोचे कापड रंगवणाऱ्यांनी हा ग्रंथ वाचून नक्षी ठरवली, असे मानण्यास आधार नाही. शिवाय हे समर्थन गवताला लागू पडले, तरी हजार वर्षे जगणाऱ्या क्रौंचाबद्दल ते गप्पच राहते.

क्रौंचाचे स्पष्टीकरण व्यवहारात सापडते, आणि ते साधे आहे : जपानी आकृतिबंध हे विधान नसून प्रसंगानुरूप केलेली कृती आहे. आहेराच्या पाकिटाला बांधल्या जाणाऱ्या ‘मिझुहिकि’ नावाच्या पीळदार कागदी दोऱ्यांवरून हे नीट कळते. बाळाच्या जन्मासाठी सहज सुटणारी फुलपाखरी गाठ बांधतात, कारण तो आनंद पुन्हा येवो अशी इच्छा असते. विवाहासाठी न सुटणारी गाठ बांधतात, कारण तो प्रसंग एकदाच यावा. आणि अंत्यसंस्काराच्या पाकिटालाही न सुटणारीच गाठ असते, कारण तोही पुन्हा येऊ नये. गाठ तीच, हेतूही एका अर्थी तोच, केवळ लाल-पांढऱ्या किंवा सोनेरी-रुपेरी दोऱ्यांऐवजी काळ्या-पांढऱ्या दोऱ्या. आनंदाच्या पाकिटावर ‘नोशी’ असते. पूर्वी ती देवांना अर्पण होणाऱ्या सागरी शिंपल्याच्या मांसाची ताणून वाळवलेली पट्टी असे, आता तिची कागदी प्रतिकृती असते, आणि बौद्ध शोकप्रसंगी मांसान्न वर्ज्य असल्यामुळे ती गाळली जाते. अशा पट्ट्यांची जुडी ही किमोनोवरची एक अत्यंत देखणी मंगलनक्षी झाली आहे. कमळाचे उलट झाले. भारतात लक्ष्मीचे आसन असलेले हे फूल जपानमध्ये बुद्धलोकाशी आणि म्हणून मृतांच्या स्मरणाशी इतके जोडले गेले, की शोकाच्या पाकिटांवर ते छापले जाते आणि लग्नसमारंभाच्या वस्त्रावर ते सहसा घेतले जात नाही.

त्रिकोणांच्या ओळींनी बनलेली ‘उरोको’ म्हणजे खवल्यांची नक्षी यापेक्षाही बोलकी आहे. नोह रंगभूमीवर ‘दोजोजी’ नाटकात सूडाने सर्पिणी झालेल्या स्त्रीच्या वेषावर ती असते आणि प्रेक्षकाला तिचे खरे रूप सांगते. तीच नक्षी अशुभ मानल्या गेलेल्या वयाच्या वर्षात स्त्रिया संकटनिवारणासाठी अंगावर घेत. कामाकुराच्या होजो घराण्याचे तीन खवल्यांचे मानचिन्ह तर एनोशिमा बेटावरील बेन्झाइतेन देवीने दिले, अशी आख्यायिका आहे, आणि ही बेन्झाइतेन म्हणजे चीनमार्गे जपानला पोहोचलेली सरस्वतीच. विद्येची देवी, सागरातील नागिणीचे रूप, योद्ध्यांचे चिन्ह आणि मत्सराने जळणारी स्त्री, या साऱ्यांना एक त्रिकोण पुरतो. कोणता अर्थ जागा होणार, हे तो कोण, केव्हा आणि कशासाठी धारण करतो यावर ठरते. ऋतूचा संकेतही असाच : फांदीसह रंगवलेला चेरीचा फुलोरा खऱ्या फुलांच्या थोडा आधी नेसावा, ती उमलल्यावर त्यांच्याशी स्पर्धा करू नये, असे जाणकार मानतात. तेव्हा दीर्घायुष्य मागण्याचा एक दिवस असतो आणि नश्वरता स्मरण्याचा दुसरा, आणि दोन्हींत कोणी खोटे बोलत नसतो.

या उत्तरात एक धोका आहे आणि चेरीच्या फुलाने तो विसाव्या शतकात उघड केला. अर्थ प्रसंगावर अवलंबून असेल, तर प्रसंगावर ज्याची सत्ता असेल त्याची अर्थावरही सत्ता चालते. भावुक अंतःकरणाने वस्तूंचा ठाव घेणे या अर्थाने ‘मोनो नो आवारे’ ही संकल्पना मांडणाऱ्या मोतोओरी नोरिनागा (1730–1801) यांनी ‘गेन्जी’तून बौद्ध किंवा कन्फ्यूशियन उपदेश काढणाऱ्यांना विरोध केला होता, त्यांच्या प्रसिद्ध कवितेतील पहाडी चेरी सकाळच्या उन्हात फुललेली आहे, गळणारी नाही. तरीही ऑक्टोबर 1944 मध्ये पहिल्या आत्मघातकी विमानपथकांना दिलेली शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा ही नावे याच कवितेतील शब्दांवरून घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी ‘ओका’ म्हणजे चेरीपुष्प या नावाच्या मानवचलित बाँब-विमानांवर पाच पाकळ्यांचे फूल रंगवलेले होते. मानववंशशास्त्रज्ञ एमिको ओनुकी-टिअर्नी यांनी या रूपांतराचा तपशीलवार अभ्यास केला असून, सैनिकाने पाकळीसारखे गळावे हा अर्थ परंपरेतून आपोआप आलेला नव्हता, आधुनिक राज्यसंस्थेने तो क्रमाक्रमाने पुढे आणला, असे त्या दाखवतात. या काळात देशभर लावल्या गेलेल्या सोमेइ-योशिनो जातीची झाडे कलमांनी वाढवलेली, आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी आणि म्हणून एकाच वेळी फुलून एकाच वेळी गळणारी आहेत. पानांसह आपापल्या वेळी फुलणाऱ्या जुन्या पहाडी चेरीकडून सामूहिक मरणाची इतकी शिस्तबद्ध प्रतिमा मिळाली नसती.

येथे दोष फुलाचा नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्णपणे खरे नाही. दवाच्या थेंबाला परस्परविरोधी अर्थ पेलता आले, कारण शेवंतीचा सण आणि शरदातील गवत हे दोन्ही प्रसंग एकाच वर्षात, एकाच घरात टिकून होते आणि कोणीही एकाने दुसऱ्याला हद्दपार केले नव्हते. चेरीच्या बाबतीत पेरणीपूर्वीचा, मद्याचा, प्रेमाचा आणि निव्वळ मौजेचा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून आणि गाण्यांतून मागे ढकलला गेला. युद्धानंतर त्या फुलाला कोणी बहिष्कृत केले नाही : 1967 पासूनच्या शंभर येनच्या नाण्यावर ते आहे, स्वसंरक्षण दलांच्या बिल्ल्यांवरही आहे, आणि दर वसंतात त्याच्याखाली चटया पसरून लोक खातात-पितात. हिदेयोशीचा पाउलोनिया आज जपानी शासनाचे चिन्ह म्हणून पाचशे येनच्या नाण्यावर छापला जातो, सुसुकि गवताशिवाय.