मंत्राचा अर्थ आणि मंत्राचे काम

मंत्र म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ कळलाच पाहिजे का, आणि अर्थ न कळता उच्चारलेल्या ध्वनींना भाषा म्हणायचे का, हा वाद यास्काच्या ‘निरुक्ता’इतका तरी जुना आहे. त्या ग्रंथात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदले आहे: वैदिक मंत्र निरर्थक असतात. त्याची कारणे आजही वजनदार वाटतात. मंत्रातले शब्द आणि त्यांचा क्रम दोन्ही ठरलेले असतात. रोजच्या बोलण्यात ‘पाणी आण’ म्हटले काय आणि ‘आण पाणी’ म्हटले काय, तांब्या येतोच. मंत्रात मात्र एका शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा घातला की मंत्र बिघडला. मंत्र वनस्पतीला सांगतो रक्षण कर, कुऱ्हाडीला सांगतो इजा करू नको. एके ठिकाणी रुद्र एकच म्हणतो, दुसरीकडे हजारो. काही शब्दांचा तर कुणालाच पत्ता लागत नाही. कौत्साचा रोख वेदावर नसून अर्थ लावण्याच्या खटाटोपावर होता, असे समजायला जागा आहे.

यास्काचे उत्तर भाषेच्या घडणीतूनच येते. मंत्रातले शब्द बोलण्यातलेच आहेत, मग तिथे अर्थ असलेला शब्द इथे येऊन अर्थ कसा टाकेल? ठरलेला क्रमही बोलण्यात सापडतो. त्यासाठी त्याने ‘इंद्राग्नी’ आणि ‘पितापुत्रौ’ हे शब्द दाखवले. मराठीत ‘आईबाप’ म्हणतात, ‘बापआई’ कुणी म्हणत नाही, म्हणून तो शब्द निरर्थक ठरत नाही. पुढे जैमिनीच्या मीमांसासूत्रांतही हाच वाद पुन्हा उभा राहतो आणि निकाल मंत्रांना अर्थ आहे असाच लागतो.

पण मीमांसकांनी याच ओघात मूल भाषा कशी शिकते याचा जो विचार केला, त्याने प्रश्न सुटण्याऐवजी जास्त टोकदार झाला. त्यांच्या मते शब्दाचा अर्थ मोठ्यांच्या व्यवहारातून कळतो. आजोबा म्हणतात ‘गाय सोड’, थोरला भाऊ दावे सोडतो. नंतर ‘गाय बांध’, मग ‘बैल बांध’. कोणता शब्द बदलला की कोणती हालचाल बदलते, हे पाहत पाहत मूल एकेक शब्द वेगळा काढते. त्यांच्यातल्या प्रभाकराचे म्हणणे, मुलाला सुटा शब्द कधी मिळतच नाही. जो मिळतो तो वाक्यात गुंतलेलाच, म्हणून शब्द आपला अर्थ इतरांशी जोडूनच सांगतो. कुमारिलाच्या मते शब्द आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय लागतो. दोघांत कुणीही खरे असो, शिकण्याची वाट एकच: समोर गाय असली पाहिजे. गुरूने कानात सांगितलेल्या मंत्राभोवती असा व्यवहार नसतो. तो ऐकून कुणी काही सोडत नाही की बांधत नाही.

बीड जिल्ह्यातल्या कडा गावाच्या परिसरात हा प्रश्न पोथ्यांपुरता राहिलेला नाही. कडा ज्या आष्टी तालुक्यात येते, त्याच तालुक्यात सावरगावजवळ मायंबा इथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांचे स्थान आहे. नाथपंथाशी जोडलेली शाबरी विद्या म्हणजे लोकबोलीतले मंत्र: विंचू उतरवायचे, दृष्ट काढायची, भूतबाधा घालवायची. तुलसीदासांनीही ‘रामचरितमानसा’त शाबर मंत्रांचा उल्लेख केला आहे. अक्षरांचा मेळ नाही, अर्थ नाही, तरी शंकराच्या प्रतापाने प्रभाव आहे, असा त्याचा आशय. हे पूर्ण खरे नाही. असा मंत्र नीट ऐकला तर त्यात कुणाला तरी हाक असते, आज्ञा असते आणि शेवटी गुरूची किंवा देवतेची आण असते. मधली काही अक्षरे दुर्बोध असली तरी सांगाडा वाक्याचाच आहे.

धुंडीसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (1819) या पोथीत गहिनीनाथांच्या जन्माची कथा आहे. मच्छिंद्रनाथांचा शिष्य गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असतो. चिखलाची गाडी करून खेळणारी पोरे त्याला गाडीवान करून मागतात. तो तोंडाने मंत्र घोकत हाताने पुतळा घडवतो आणि पुतळा जिवंत होतो. पोरे भूत भूत म्हणत पळतात. गोरक्षाच्या मनात कुणाला जिवंत करायचे नव्हते, तो नुसता पाठांतर करत होता. मंत्राचे काम बोलणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाही, हे तत्त्व कौत्सालाही इतक्या ठसठशीतपणे मांडता आले नसते. नवल असे की पोथीला स्वतः मात्र अर्थाची वाट सोडायची नाही: ती सगळी मराठी ओवीत आहे, आणि घरोघर तिचे पारायण होते.

दुसरे टोकही कड्यातच सापडते. गावात श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्था आहेत. अमोलक ऋषी या स्थानकवासी मुनींनी बत्तीस आगमांचे हिंदीत भाषांतर केले, म्हणजे शास्त्र समजले पाहिजे या बाजूने ते उभे राहिले. जैनांचा नवकार मंत्र तर अर्थाने सरळ आहे. प्राकृतातले पाच नमस्कार: अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सर्व साधू यांना. त्यात मागणे नाही, गूढ बीजाक्षर नाही. तरी जैन घरातले मूल तो अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी म्हणू लागते, आणि अर्थ कळल्यावरही त्याचे मराठी करून म्हणत नाही. म्हणजे अर्थ असला तरी मंत्राचे मंत्रपण त्यातून येत नाही.

विसाव्या शतकात वैदिक विधींचे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी कौत्साची बाजू पुढे नेली: विधी आणि मंत्र यांना नियम असतात, अर्थ नसतो, त्यांची रचना भाषेपेक्षा संगीताच्या जवळची. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मंत्रांचा विचार केला नव्हता, पण बोलणे ही कृतीही असते हे दाखवले. ‘वचन देतो’ म्हणणारा माहिती सांगत नाही, वचन देतो. हा भेद इथे उपयोगी आहे. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे काम या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की कौत्स आणि यास्क यांच्यात फारसे भांडण उरत नाही: यास्क पहिल्याविषयी बोलतो, कौत्स दुसऱ्याविषयी. मात्र वचन चालते ते ऐकणाऱ्याला कळते म्हणून. विंचवाला शाबरी कळत नाही. तिथे ऐकणारा कोण, हे ठरवायला भाषाशास्त्र पुरत नाही, श्रद्धा लागते.

गहिनीनाथांचे शिष्य निवृत्तिनाथ आणि त्यांचे ज्ञानदेव. मंत्राने पुतळा उठवणाऱ्या या परंपरेतच ‘अमृतानुभवा’चे शब्दखंडन नावाचे सहावे प्रकरण लिहिले गेले. ज्ञानदेव आधी शब्दाचा भरभरून गौरव करतात, विसरलेल्याची आठवण करून देणारा म्हणून. मग विचारतात, शब्दाने इथे नेमके करायचे काय? आत्मा स्वयंप्रकाश, त्याला कुणी सिद्ध करायला नको. अविद्या मुळात नाहीच, तेव्हा तिचा नाशही करायला नको. म्हणजे त्यांच्या लेखी शब्दाला अर्थ आहे, व्यवहारात कामही आहे. फक्त या एका ठिकाणी दोन्ही निरुपयोगी होतात. हे सांगायलाही शब्दच लागले, याची त्यांना पुरती जाण होती, आणि म्हणूनच त्या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण ग्रंथपरिहाराचे आहे.