महाभारतातील वृद्ध आणि त्यांचा उपदेश

वडीलधाऱ्यांचे ऐकावे, असे घरोघरी सांगतात. का ऐकावे, हे क्वचितच सांगितले जाते. भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नाचा विचार ज्ञानाच्या साधनांच्या अंगाने झाला आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले आणि आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द, अशी त्याची व्याख्या केली. आप्त कोण, याचा खुलासा भाष्यकार वात्स्यायनाने केला आहे. ज्याला त्या गोष्टीचे साक्षात ज्ञान आहे आणि ती जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. वयाचा त्यात उल्लेख नाही. म्हातारपण अनुभव देते, म्हणजे फार तर पहिली अट पुरी करते. जसे घडले तसे सांगण्याची तयारी ज्याची त्यालाच आणावी लागते, आणि ती आयुष्याच्या शेवटी अधिकच जड जाते, कारण तोवर स्वतःच्या चुकांवर पांघरूण घालण्याची सवय जुनी झालेली असते.

महाभारतात वृद्धांचा उपदेश विपुल आहे. पण हा ग्रंथ उपदेशाशेजारी उपदेश करणाऱ्याचे आयुष्यही मांडून ठेवतो आणि दोन्ही एकत्र तोलायला लावतो. वनपर्वातला अष्टावक्र लहान मुलगा आहे. जनकाच्या यज्ञमंडपात वृद्ध विद्वानांनाच प्रवेश आहे, असे सांगून द्वारपाल त्याला अडवतो, तेव्हा केस पांढरे झाल्याने कोणी वृद्ध होत नाही, असे तो ठणकावतो आणि पुढे वादात जिंकून ते सिद्ध करतो.

आदिपर्वातल्या ययातीची कथा मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीमुळे परिचित आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेला हा राजा आपल्या पाच मुलांकडे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पूरू देतो. हजार वर्षांच्या उपभोगानंतर ययाती तारुण्य परत करतो आणि भोगाने वासना शमत नाही, उलट वाढते, असे सांगतो. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्याने ते स्वतः भोगून जाणले आहे. त्याने चूक लपवलीही नाही. तरी त्या शहाणपणाची किंमत मुलाने मोजली, ही गोष्ट कथा दडवत नाही. वडिलांना धडा मिळावा म्हणून मुलाने म्हातारपण सोसले. आपल्या अपुऱ्या इच्छा पुढच्या पिढीच्या आयुष्यात पुऱ्या करून घेणाऱ्या आईबापांकडे पाहताना ययाती आठवावा, तो यासाठी.

धृतराष्ट्राची अडचण वेगळी आहे. उद्योगपर्वात झोप उडालेल्या राजाला विदुर रात्रभर नीती सांगतो. विदुरनीती म्हणून प्रसिद्ध असलेला भाग तो हाच. विदुराचे म्हणणे राजाला पटते. पण दुर्योधन समोर आला की आपली बुद्धी फिरते, असे तो स्वतःच कबूल करतो. समज असूनही वागणे बदलत नाही, ही वृद्धांच्या बाबतीत सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे. वयाबरोबर ज्ञान साठते, तसाच मोहही घट्ट होतो.

या सर्वांत मोठा उपदेशक भीष्म. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले आहे; कर्ण आपला थोरला भाऊ होता, हे कळल्यावर त्याचा शोक आवरत नाही. कृष्ण त्याला शरशय्येवरच्या पितामहाकडे नेतो. बाणांच्या वेदनेत बोलण्याचे बळ नाही, असे भीष्म म्हणतो, तेव्हा कृष्ण वर देऊन त्याची वेदना दूर करतो. मग राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म आणि पुढे अनुशासनपर्वातला दानधर्म असा तो प्रचंड उपदेश सुरू होतो. भीष्म शरशय्येवर अठ्ठावन्न रात्री होता.

याच भीष्माने द्यूतसभेत, स्वतःला हरलेल्या पतीला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, या द्रौपदीच्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते. धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढे म्हणून तो थांबला होता. शांतिपर्वात तोच धर्माचे बारकावे शेकडो अध्याय उलगडतो, आणि वाचकाला सभेतले ते मौन आठवल्याशिवाय राहत नाही. मराठीत या विसंगतीचा सर्वांत कठोर विचार इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये केला. भीष्मावरच्या लेखात त्यांनी त्याची पूज्य प्रतिमा बाजूला ठेवून माणूस तपासला. त्या कठोरपणात तथ्य आहे. तरी शांतिपर्व त्यामुळे पोकळ ठरत नाही. त्यात भीष्म आपले गुणगान करत नाही. तो जुन्या कथा, जुने संवाद सांगतो आणि युधिष्ठिराला एकाच उत्तरात अडकवत नाही. संकटकाळी धर्म वेगळा दिसतो, हे तो आपद्धर्मात मान्य करतो. प्रत्यक्ष संकटात ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्यानेच ते सांगावे, हे दुःखद आहे. पण ऐकणाऱ्याला त्यातून दुहेरी लाभ होतो. उपदेश मिळतो, आणि तो वेळेवर आचरला नाही तर काय घडते, याचा पुरावाही समोर पडलेला असतो.

आश्रमवासिकपर्व त्या मानाने लहान आणि दुर्लक्षित आहे. वृद्धांच्या बाबतीत मात्र तेच सर्वांत मोलाचे. युधिष्ठिराच्या राज्यात पंधरा वर्षे काढल्यावर धृतराष्ट्र वनात जायला निघतो. जाण्यापूर्वी तो युधिष्ठिराला राजनीती सांगतो, आणि नंतर प्रजेला बोलावून आपल्या व दुर्योधनाच्या अपराधांबद्दल क्षमा मागतो. ज्याने आयुष्यभर विदुराचे ऐकून सोडून दिले, तो अखेर वात्स्यायनाची दुसरी अट पुरी करतो. प्रजा त्याला दोष देत नाही आणि जाण्याची संमती देते.

गांधारी त्याच्यासोबत निघते, आणि कुंतीही. पांडवांना हे समजत नाही. हरून आलेल्या मुलाला पुन्हा लढायला उभे करणाऱ्या विदुलेची कथा कृष्णाकरवी कळवून आईनेच त्यांना लढायला प्रवृत्त केले होते. राज्य हाती असताना तिने का जावे? कुंतीचे उत्तर सरळ आहे. मुलांचे तेज मावळू नये, त्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊ नये, म्हणून तिने तो निरोप धाडला होता. त्यांनी जिंकलेल्या राज्याचे सुख स्वतः भोगावे म्हणून नव्हे. राजवैभव तिने पंडूच्या काळात पाहिले होते. आता तिला दीर-जावेची सेवा करायची होती. ययातीने मुलाकडून घेतले. कुंतीने मुलांना उभे केले आणि त्याचा मोबदला मागितला नाही. मुले विनवत राहिली, द्रौपदी आणि सुभद्रा रडत मागोमाग गेल्या, पण तिने निश्चय बदलला नाही, आणि पांडव हस्तिनापुराला परतले.