सर्वांस एकच नियम, हा न्याय होय काय ?

शाळेच्या दारावर “येथें सर्वांस प्रवेश आहे” अशी पाटी लावली, म्हणजे शाळाचालकांचें कर्तव्य संपलें काय ? प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु त्याचें उत्तर देऊं लागलें म्हणजे मनुष्य अडखळतो. आयर्लंड देशांतील एका फिरस्त्या समाजाच्या मुलांचें उदाहरण घेऊन आम्ही आज त्याचा थोडा विचार करणार आहों.

ह्या समाजास ट्रॅव्हलर म्हणतात. आयरिश भाषेंतील त्यांच्या नांवाचा अर्थ ‘चालणारे लोक’ असा आहे. वाचकांनीं गांवाबाहेर पाल ठोकून राहणारे घिसाडी डोळ्यांपुढें आणावे, म्हणजे त्यांच्या पूर्वीच्या जीवनक्रमाची कल्पना येईल. टिनाचीं भांडीं करणें, घोड्यांचा व्यापार करणें, हंगामांत शेतांवर मजुरी करणें, आणि काम संपलें कीं गाडी जुंपून पुढच्या गांवीं जाणें, असा त्यांचा क्रम असे. प्लास्टिकचीं भांडीं व शेतीचीं यंत्रें आलीं, आणि त्यांचे धंदे बुडाले. हल्लीं त्यांच्यापैकीं पुष्कळजण एके ठिकाणीं राहतात. तरी आपली बोली, आपलीं नातीं व प्रवासाची आठवण त्यांनीं सोडलेली नाहीं. २०२२ सालच्या खानेसुमारींत त्यांची संख्या ३२,९४९ भरली.

१९६३ सालीं सरकारनें नेमलेल्या कमिशनानें ह्या लोकांविषयीं अहवाल दिला. त्यांचें फिरणें हीच अडचण, व त्यांनीं स्थिर होऊन इतरांत मिसळून जाणें हाच उपाय, असा त्याचा रोख होता. पुढें त्यांच्या मुलांसाठीं निराळे वर्ग व कोठें कोठें निराळ्या शाळा निघाल्या. हेतु मदतीचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कांहीं शाळांत त्या मुलांची खेळण्याची सुट्टीही निराळी असे. ज्या मुलास रोज वेगळें बसविलें जातें, तें अक्षरें शिकण्यापूर्वीं आपण कमी आहों हा धडा शिकतें. आणि तो धडा मागाहून पुसून टाकणें फार कठीण असतें.

१९८० सालीं एक शहाणपणाची गोष्ट सुरू झाली. घरभेटी देणारे शिक्षक नेमण्यांत आले. ते ह्या लोकांच्या वस्तीवर जात, आईबापांशीं बोलत, आणि शाळेच्या हेडमास्तरांसही भेटत. घर व शाळा ह्या दोहोंची ओळख असलेला मनुष्य मध्यें उभा राहिला. पुढें शाळांतूनही ह्या मुलांसाठीं जादा शिक्षक मिळाले. परंतु २०११ सालीं हे दोन्ही प्रकारचे शिक्षक बंद झाले. त्या वेळीं सरकारची तिजोरी रिकामी होती हें खरें. पण त्याबरोबर तत्त्वाचें कारणही पुढें केलें गेलें. मदत मुलाची गरज पाहून द्यावी, समाज पाहून देऊं नये, असें तें कारण होतें.

हें ऐकून आमच्याही मनांत प्रथम आलें कीं, ह्यांत गैर काय आहे ? निराळेपणानें इतकें दुःख दिलें, तर तो निराळेपणा जावा हेंच बरें नव्हे काय ? परंतु अधिक विचार केल्यावर दिसलें कीं, गरज ही पोत्यावरच्या छापासारखी दुरून वाचतां येत नाहीं. कोणीतरी जवळ जाऊन ती ओळखावी लागते. आणि वस्तीची वाट ज्यांस ठाऊक होती तेच शिक्षक काढून टाकले, तर ती ओळखणार कोण?

नियम सारखा असूनही फळ विषम कसें होतें, ह्याचा एक दाखला घेऊं. क्लॉनमेल शहरांतील एका शाळेचा असा नियम होता कीं, ज्याचा बाप त्याच शाळेंत शिकला असेल त्या मुलास अग्रक्रम मिळावा. ह्यावर एका ट्रॅव्हलर आईनें दाद मागितली. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आमच्या मागच्या पिढींतील फारच थोडे पुरुष वरच्या शाळेंत गेले. तेव्हां आमच्या मुलांनीं तेथें शिकलेला बाप कोठून आणावा? २०१० सालीं समानता न्यायाधिकरणानें तिच्या बाजूनें निकाल दिला. वरच्या कोर्टांत तो टिकला नाहीं, व २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिचें अपील फेटाळलें. पुढें २०१८ च्या कायद्यानें जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलांसाठीं राखण्याच्या जागांवर शेंकडा २५ ची मर्यादा घातली. आमच्या मतें त्या आईचा प्रश्न कोर्टाच्या निकालानें मिटत नाहीं. नियमांत कोणत्याही समाजाचें नांव नव्हतें, तरी त्याचा भार कोणावर पडणार हें आधींच ठरलेलें होतें.

कोणी म्हणेल, शेजारच्या गरीब मजुराच्या मुलाचा काय अपराध ? अपराध कांहींच नाहीं. त्यासही मदत मिळालीच पाहिजे. परंतु एकाची भूक दाखवून दुसऱ्याची भाकर परत घेणें हा न्याय नव्हे.

१ मार्च २०१७ रोजीं आयर्लंडच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत ट्रॅव्हलर हा एक स्वतंत्र वंशसमाज आहे असें मान्य केलें. गरीब वस्तींतील शाळांस जादा मदत देण्याची तेथें योजना आहे. २०२२ सालीं ती वाढवितांना ट्रॅव्हलर मुलांचाही विचार झाला. वरच्या शिक्षणासाठीं ‘१९१६ बर्सरी’ नांवाची शिष्यवृत्ति ह्या विद्यार्थ्यांसही खुली आहे. २०२४ सालीं ट्रॅव्हलर व रोमा मुलांच्या शिक्षणाचें २०३० पर्यंतचें धोरणही प्रसिद्ध झालें. महाविद्यालयीन शिक्षण पुरें केलेले ट्रॅव्हलर २०११ सालीं ८९ होते, ते २०१६ सालीं १६७ झाले. आंकडा लहान आहे. पण त्यांतील प्रत्येकाच्या मागें, आपल्या घरांत पूर्वीं कोणी न चाललेली वाट आहे.

तेव्हां मदतीची खरी पारख काय ? आम्हांस असें वाटतें कीं, ती मुलास इतरांबरोबर एकाच वर्गांत बसविते, त्याच्या घरापर्यंत चालत जाते, आणि शिकण्याची किंमत म्हणून आईबापांची लाज धरावयास लावीत नाहीं, तर ती खरी मदत. आमच्या वाचकांत गांवोगांवचे पुष्कळ शिक्षक आहेत. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचें मूल त्यांच्याही पटावर असेल. त्याच्या नांवापुढें ‘गैरहजर’ असें लिहिणें हा नियम आहे. तें कोणत्या फडावर आहे, व परत आल्यावर त्याचा बुडालेला अभ्यास कोण करून घेणार, हें विचारणें हा न्याय आहे.